३०१८ वर नेमप्लेट बिघडतेय? कुठून बघायला सुरुवात करायची

टेबलावर मावणारा ३०१८ सारखा छोटा सीएनसी राउटर (कॉम्प्युटरवरून चालणारं, लाकूड कोरायचं मशीन) घेतला, जोडला, सोबत आलेली सॅम्पल फाईल चालवली, सगळं मस्त. मग दाराची नेमप्लेट करायला घेतली की खरी मजा सुरू होते. एक अक्षर खोल तर दुसरं नुसतं ओरखडल्यासारखं, शिरोरेषेत मधेच उभ्या भिंती, अर्ध्या कामात मशीन चार-पाच मिमी सरकलं आणि पुढचं आडनाव वाकडं. अशा वेळी नवीन माणूस बहुतेकदा काय करतो तर सॉफ्टवेअर बदलतो, त्याने नाही भागलं की फीड (कापताना पुढे सरकायचा वेग) कमी करतो, बिट (फिरणारं कापायचं हत्यार) बदलतो, सेटिंगमधला एखादा आकडा हलवतो, आणि हे सगळं एकाच दमात, त्यामुळे जमलं तरी कशामुळे जमलं ते कळत नाही आणि नाही जमलं तर विचारूच नका.

माझं म्हणणं एवढंच की बिघडलेला तुकडा फेकू नका, तो नीट बघा. बिघाड कुठल्या टप्प्यावर आहे हे लाकडावरची खूण बऱ्यापैकी स्पष्ट सांगते. टप्पे असे: आधी डिझाइन (इंकस्केप वगैरे), मग टूलपाथ (बिट कुठून कसा जाणार तो रस्ता) बनवणारं सॉफ्टवेअर (ईझल, फ्यूजन, एस्टलकॅम, एफ-एन्ग्रेव्ह, जे वापरता ते), त्यातून निघणारी जी-कोडची (मशीनला द्यायच्या हुकमांची) फाईल, ती मशीनला पाठवणारा सेंडर (कँडल, यूजीएस, जीसेंडर), मग कंट्रोलर बोर्डवरचं जीआरबीएल (हे हुकूम समजून मशीन चालवणारं सॉफ्टवेअर), ड्रायव्हर (मोटरला करंट देणारी चिप), मोटर, लीडस्क्रू (फिरून अक्ष सरकवणारा लांब स्क्रू) आणि शेवटी बिट.

ही साखळी मधोमध तोडायची एक सोपी युक्ती आहे. फाईल सेंडरमधे उघडा आणि प्रिव्ह्यू बघा. प्रिव्ह्यूमधेच गडबड दिसत असेल, माप चुकीचं, अक्षर तुटलेलं, रेषा भलतीकडे, तर मशीनला हात लावायचं कारणच नाही, दोष वरच्या टप्प्यात आहे. प्रिव्ह्यू बरोबर आणि लाकूड चूक असेल तर सॉफ्टवेअर बदलून काहीही होणार नाही, स्क्रू ड्रायव्हर आणि अ‍ॅलन की घ्या. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, वहीत लिहा काय बदललं ते. कंटाळवाणं आहे पण दुसरा रस्ता नाही.

(एक सूचना आधीच: खाली सगळे कोड मी देवनागरीत लिहिलेत, मशीनला टाईप करताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडेच टाकायचे.)

सेफ्टीचं थोडक्यात. गॉगल घालाच, हातमोजे अजिबात नको कारण फिरणाऱ्या बिटमधे कापड अडकतं, सैल बाही आणि मोकळे केस पण नको. एमडीएफचा भुसा फार बारीक असतो आणि त्यात चिकटवायची रेझिन असते, एन९५ मास्क लावा, बंद बेडरूममधे कापू नका. इमर्जन्सी स्टॉपचं बटण नसेल तर निदान २४ व्होल्टच्या सप्लायचा स्विच हाताशी येईल असा ठेवा.

पायरी १: मशीन बोलतच नाही किंवा अलार्म देतंय

सगळ्यात आधी, मशीन चांगलं चालू असतानाच, सेंडरच्या कन्सोलमधे $$ टाईप करा आणि सेटिंगची ($३०, $१०० अशा नंबरांची) जी काय यादी येईल ती कॉपी करून कुठेतरी सेव्ह करा. पुढे कधी आकडे गडबडले तर हीच यादी वाचवते.

कनेक्ट होत नसेल तर बहुतेक ३०१८ बोर्डवर सीएच३४० नावाची यूएसबी चिप असते, तिचा ड्रायव्हर (इथे सॉफ्टवेअर) विंडोजमधे आहे का ते डिव्हाइस मॅनेजरमधे बघा. पोर्ट दिसतोय पण उघडत नाही म्हणजे दुसरा एखादा सेंडर तोच पोर्ट धरून बसलाय, ईझल ब्राउझरमधे मागे चालू राहिलं तरी हे होतं. जीआरबीएल १.१ साठी बॉडरेट (पोर्टवर बोलायचा वेग) ११५२०० लागतो, दुसरा टाकला तर कचरा अक्षरं येतात. लिनक्सवाल्यांनी आपला युजर डायलआउट ग्रुपमधे आहे का ते बघा. आणि केबल! नुसती चार्जिंगची यूएसबी केबल लावून तासभर डोकं खाजवणारे खूप आहेत.

आता एररचे आकडे. एरर ९ म्हणजे मशीन लॉक आहे, अलार्ममधे असताना तुम्ही जी-कोड पाठवताय. $एक्स ने लॉक निघतं, होमिंग स्विच (मशीनला आपली जागा ओळखता यावी म्हणून अक्षाच्या टोकाला लावलेले) असतील तर $एच करा, ते जास्त बरं. अलार्म १ म्हणजे हार्ड लिमिट, एखादा स्विच खरंच दाबला गेला किंवा वायरमधे नॉइज आला. अलार्म २ म्हणजे सॉफ्ट लिमिट, फाईल मशीनच्या हद्दीबाहेर जायला सांगतेय, बहुतेकदा झिरो (फाईल जिथून अंतर मोजते ती जागा) भलत्या कोपऱ्यात लावलेला असतो. अलार्म ९ म्हणजे होमिंग करताना स्विच सापडलाच नाही, वायर सुटली असेल किंवा होमिंगची दिशा उलटी, ती $२३ मधे बदलते. एरर २० म्हणजे फाईलमधे असा कोड आहे जो जीआरबीएलला येत नाही, आणि नवीन लोकांच्या बाबतीत तो बहुतेकदा एम६ म्हणजे टूल बदलायचा कोड असतो. टूलपाथ सॉफ्टवेअरमधे पोस्ट प्रोसेसर (टूलपाथवरून त्या मशीनचा जी-कोड काढणारा भाग) जीआरबीएलचाच निवडा, माक३ चा किंवा भलताच नको, आणि दोन बिट वापरायचे असतील तर प्रत्येक बिटची वेगळी फाईल काढा. एरर २२ म्हणजे फीड दिलेलाच नाही.

स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) फिरतच नाही किंवा रडत फिरतोय? मोटर जळाली असं समजायच्या आधी $३० (स्पिंडलचा जास्तीतजास्त वेग) बघा. तिथे १०००० आहे आणि फाईलमधे एस१००० (एस म्हणजे मागितलेला वेग) आलंय म्हणजे तुम्ही फक्त दहा टक्के ताकद मागताय, त्यात स्पिंडलची ७७५ मोटर हलेल न हलेल. अजून एक: मधे लेझर लावून खेळला असाल आणि $३२ (लेझर मोड) परत शून्य केला नसेल तर जी० च्या (न कापता नुसतं सरकायच्या) हालचालीत स्पिंडल बंद पडतो आणि नंतर कापताना परत चालू होतो. विचित्र वाटतं पण कारण एवढंच असतं.

पायरी २: माप चुकतंय

इथे आकडा किती चुकला यावरूनच उत्तर मिळतं, म्हणून आधी व्हर्नियरने मोजा, "थोडं मोठं आलं" असं चालणार नाही.

पंचवीस पट मोठं किंवा छोटं: इंच आणि मिमीचा घोळ. फाईलच्या सुरुवातीला जी२० असेल तर इंच, जी२१ असेल तर मिमी. डीएक्सएफ फाईलमधे युनिटचा भरवसा नसतो, इंपोर्ट करताना विचारतं तेव्हा डोळे उघडे ठेवून उत्तर द्या.

साधारण सहा-सात टक्के फरक: इंकस्केप जुन्या काळी ९० डीपीआय धरायचं, ०.९२ व्हर्जनपासून ९६ धरतं. जुनी एसव्हीजी फाईल किंवा जुन्या हिशोबाने वाचणारं सॉफ्टवेअर मधे आलं की बरोबर एवढाच फरक पडतो.

दुप्पट किंवा निम्मं: ड्रायव्हरखालचे मायक्रोस्टेपिंगचे जंपर आणि सेटिंग जुळत नाही. हिशोब करून बघा. मोटरचे एका फेऱ्यात २०० स्टेप, १६ मायक्रोस्टेप म्हणजे ३२००, आणि ३०१८ च्या टी८ स्क्रूचं एका फेऱ्यातलं अंतर सहसा ४ मिमी, ३२०० भागिले ४ म्हणजे ८००. एका मिमीला किती स्टेप हा आकडा आहे, आणि हाच $१००, $१०१, $१०२ मधे दिसायला हवा. बेल्टवालं मशीन असेल, जीटी२ बेल्ट आणि २० दातांची पुली, तर एका फेऱ्यात ४० मिमी म्हणजे ८०.

आता राहिला बारीक फरक, आणि इथेच लोक फसतात. १०० मिमीचा चौकोन ९९.५ आला की लगेच $१०० वाढवतात. थांबा. एक १०० चा आणि एक २० चा असे दोन चौकोन कापा. दोन्हीत सारखाच अर्धा मिमी कमी आला तर स्टेप्सचा काही संबंध नाही, तुमच्या बिटचा खरा व्यास सॉफ्टवेअरमधे टाकलेल्यापेक्षा वेगळा आहे किंवा बिट कोलेटमधे (बिट पकडणाऱ्या चिमटीत) डुगडुगतोय. १०० मधे अर्धा मिमी आणि २० मधे जेमतेम ०.१ मिमी असा प्रमाणात फरक असेल तरच स्टेप्स बदला, नवीन आकडा म्हणजे जुना आकडा गुणिले सांगितलेलं अंतर भागिले प्रत्यक्ष सरकलेलं अंतर. आणि ते अंतर कापलेल्या लाकडावर नाही, मशीन नुसतं जॉग करून (सेंडरच्या बटणांनी हलवून) स्टीलच्या पट्टीवर मोजा, जेवढं लांब तेवढं चांगलं.

पायरी ३: खोली कमी-जास्त, किंवा बिट सुरुवातीलाच लाकडात घुसला

झेडचा झिरो कुठे धरलाय हे सॉफ्टवेअरला आणि तुम्हाला दोघांनाही सारखंच माहीत पाहिजे. नेमप्लेटवर अक्षरं कोरायची असतील तर लाकडाची वरची बाजू झिरो, पाटी आरपार कापायची असेल तर खालचा बेड झिरो धरला तर बरं पडतं कारण लाकडाची जाडी थोडी इकडेतिकडे असली तरी बेड फाटत नाही. प्रोब (बिट टेकला की झिरो घेणारी प्लेट) नसेल तर साध्या कागदाची युक्ती: बिट हळूहळू ०.०५ ने खाली आणा, कागद ओढताना अडकायला लागला की थांबा, तिथे झेड ०.१ आहे असं सेट करा, साधा कागद साधारण तेवढाच जाड असतो.

फ्यूजनच्या फाईलमधे सुरुवातीलाच जी२८ असतो, त्यावर लक्ष ठेवा. होमिंग स्विच नसलेल्या मशीनला "घर" म्हणजे पॉवर चालू केली तेव्हा तो जिथे होता ती जागा. पॉवर देताना झेड खाली होता, मग तुम्ही तो वर घेतला, लाकूड लावलं, झिरो केलं, फाईल चालवली, आणि जी२८ ने तो इमानदारीत जुन्या जागी म्हणजे थेट लाकडात गेला. पोस्ट प्रोसेसरच्या सेटिंगमधे सेफ रिट्रॅक्टचा पर्याय असतो, तिथे जी२८ ऐवजी क्लिअरन्स हाईट (लाकडाच्या वरची सुरक्षित उंची) निवडा. फ्यूजनच्या फुकट पर्सनल लायसन्सबद्दल अजून एक, ऑक्टोबर २०२० पासून त्यात रॅपिड (जी०) हालचाली पण फीडच्याच वेगाने होतात, त्यामुळे मशीन हवेत रेंगाळतंय असं वाटलं तर बिघाड नाही, तसंच आहे ते.

कापताना खोली हळूहळू वाढत चालली असेल, म्हणजे नावाचं पहिलं अक्षर ठीक आणि शेवटचं जास्त खोल, तर बिट कोलेटमधून खाली सरकतोय. अपकट (भुसा वर फेकणारा) बिट तर कापताना स्वतःला खाली खेचतोच. ईआर११ कोलेट आधी नटमधे टक् आवाज येईपर्यंत बसवायचा, मग नट स्पिंडलवर चढवायचा, मग बिट. कोलेट स्पिंडलमधे टाकून वरून नट फिरवला तर तो वाकडा बसतो, बिट डुगडुगतो आणि सरकतो. कोलेटमधला भुसा पण साफ करा. याउलट खोली हळूहळू कमी होत गेली तर झेडच्या कपलरचा (मोटर आणि लीडस्क्रू जोडणारा भाग) ग्रब स्क्रू (अ‍ॅलन कीने आवळायचा छोटा स्क्रू) किंवा झेडचे सुटलेले स्टेप्स बघा.

आणि खोली पाटीच्या एका बाजूला जास्त एका बाजूला कमी असेल तर बेड सपाट नाही. खाली लावलेला एमडीएफचा बोर्ड पावसाळ्यात फुगतो, कोकणात तर विचारायलाच नको, त्यामुळे पाऊस सरला की त्या बोर्डावर एक पॉकेट (आतला सगळा भाग सपाट खोदायचा टूलपाथ) चालवून अर्धा मिमी साफ घासून घ्यायचा. व्ही बिटने अक्षरं कोरताना याला पर्याय नाही. ९० अंशाच्या बिटमधे उंचीत ०.२ मिमी फरक पडला तर रेषेची रुंदी ०.४ मिमीने बदलते, ६० अंशात साधारण ०.२३ ने, आणि शिरोरेषेसारख्या लांब सरळ रेषेत हे डोळ्यांना लगेच खुपतं.

पायरी ४: मधेच सगळं सरकलं

म्हणजे वरचा भाग बरोबर, आणि एका जागेपासून पुढचं सगळं एका दिशेला ढकललेलं. याला स्टेप्स सुटणं म्हणतात. जीआरबीएलला मोटर खरंच फिरली का हे कळत नाही, तो हुकूम सोडतो आणि फिरली असं धरून पुढे जातो.

आधी बघा कुठल्या अक्षात सरकलं, एक्स का वाय. मग त्या अक्षाच्या कपलरवर मार्करने एक रेघ मारा जी मोटरच्या शाफ्टवर आणि कपलरवर दोन्हीवर येईल. फाईल परत हवेत चालवा, म्हणजे बिट काढून किंवा झेड वर लावून. संपल्यावर रेघ तुटलेली दिसली तर ग्रब स्क्रू सैल, घट्ट करा, शक्य तर शाफ्टच्या सपाट बाजूवर. रेघ जुळतेय आणि मशीन झिरोला बरोबर परत येतंय तर हवेत सगळं ठीक, कापतानाच लोड झेपत नाहीये, पासची खोली (एका वेळी किती खोल कापायचं ते) निम्मी करा. हवेत पण सरकतंय तर $११० ते $११२ मधला जास्तीतजास्त वेग आणि $१२० ते $१२२ मधलं अ‍ॅक्सिलरेशन कमी करून बघा, स्क्रूवर भुसा साचून जाम झालाय का ते हाताने फिरवून बघा, पॉवर बंद करून.

ड्रायव्हर फार गरम होऊन मधे मधे दम खात असेल तर तेही कारण असतं. ए४९८८ ड्रायव्हरवरचा छोटा पॉट (स्क्रूसारखं फिरवायचं बटण) फिरवून करंट ठरतो, व्हीरेफ (तिथे मोजायचं व्होल्टेज) म्हणजे करंट गुणिले ८ गुणिले सेन्स रेझिस्टर, आणि तो रेझिस्टर प्रत्येक बोर्डवर वेगळा असू शकतो म्हणून आधी त्यावरचा आकडा वाचा. वाढवला की ताकद वाढते असं नाही, तापून आणखी स्टेप्स सुटतात. पंखा लावा. आणि चालू पॉवरमधे मोटरची वायर काढायची नाही, ड्रायव्हर जातो, मग मुंबईत लॅमिंग्टन रोड नाहीतर पुण्यात बुधवार पेठेची चक्कर.

आपल्याकडचं एक खास कारण लोकांच्या लक्षातच येत नाही. लाईट दोन सेकंद जाऊन आली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, कंट्रोलर बोर्डला यूएसबीतून पाच व्होल्ट मिळत राहिले, त्यामुळे जीआरबीएल आरामात पुढचे स्टेप्स मोजत राहिला, पण २४ व्होल्ट गेल्यामुळे मोटर मात्र जागेवर. लाईट आली की मशीन काही झालंच नाही असं पुढे चालू, फक्त आता सगळं सरकलेलं. सेंडरमधे एकही एरर नसतो. तेव्हा सरकलेल्या कामाचा शोध घेताना घरच्यांना विचारा, पंखा मधे बंद पडला होता का.

पायरी ५: गोल गोल नाही

एक ५० मिमीचा गोल कोरा. घड्याळात १२, ३, ६, ९ असतात त्या जागी चपटेपणा किंवा छोटी पायरी दिसली तर तो बॅकलॅश, कारण तिथेच अक्ष दिशा बदलतो आणि नट स्क्रूवर थोडा मोकळा असेल तर तेवढं अंतर हवेत जातं. स्प्रिंगवाला अँटी-बॅकलॅश नट दाबून बसवला की बहुतेक जातं. गोल अंड्यासारखा पण गुळगुळीत असेल तर एका अक्षाचे स्टेप्स चुकलेत, पायरी २ ला परत जा. चौकोन तिरका येत असेल तर दोन्ही कर्ण मोजा, सारखे नसतील तर गॅन्ट्री (स्पिंडल धरणारी कमान) गुण्यात नाही, बोल्ट सैल करून सुताराचा गुण्या लावून परत आवळा. सॉफ्टवेअरमधे याला इलाज शोधू नका.

पायरी ६: देवनागरीचे आपले स्वतःचे प्रॉब्लेम

इंग्रजी व्हिडिओत हे कोणी सांगत नाही, कारण त्यांना लागतच नाही.

पहिली गोष्ट, टूलपाथ सॉफ्टवेअरमधे थेट मराठी टाईप करायच्या फंदात पडू नका. बऱ्याच सॉफ्टवेअरना जोडाक्षरं जुळवता येत नाहीत, 'शिंदे' ची वेलांटी श च्या पुढे जाऊन बसते, 'कुलकर्णी' चा रफार सुटून र आणि हलन्त वेगळे दिसतात. नाव इंकस्केपमधे टाईप करा, तिथे ते नीट जुळतं, मग पाथ मेनूतून ऑब्जेक्ट टू पाथ करा. आता ते अक्षर राहिलं नाही, आकार झाला, पुढे कुठल्याही सॉफ्टवेअरला ते मोडता येणार नाही. स्पेलिंग मात्र त्याच्या आधी घरातल्या मोठ्यांना दाखवून घ्या, 'निवास' की 'नीवास' यावर लाकूड कापल्यावर चर्चा नको.

दुसरी गोष्ट, आणि शिरोरेषेतल्या त्या उभ्या भिंतींचं कारण हेच. देवनागरी फाँटमधे प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरात जराशी घुसवलेली असते, मधे फट दिसू नये म्हणून. स्क्रीनवर काळं दिसतं त्यामुळे कळत नाही. पण पाथ केल्यावर ते दोन वेगळे आकार एकावर एक चढलेले असतात, आणि पॉकेट करणारं सॉफ्टवेअर जिथे दोन आकार चढतात तो भाग 'बाहेर' समजून सोडून देतं. झालं, प्रत्येक अक्षराच्या सांध्यात लाकडाची पातळ भिंत. इलाज: ऑब्जेक्ट टू पाथ नंतर अनग्रुप करा, सगळं सिलेक्ट करा, पाथ मेनूतून युनियन. मग आउटलाईन मोडमधे बघा, शिरोरेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच सलग कड दिसली पाहिजे. मात्रा, रफार, उकार सुद्धा असेच चढलेले असतात, तेही युनियनमधे येतात.

तिसरी, फाँटची निवड. बारीक-जाड वळणाचा सुंदर फाँट स्क्रीनवर छान, पण ३.१७५ मिमीचा बिट २ मिमीच्या फटीत जात नाही, आणि बरीच सॉफ्टवेअर काहीही न बोलता तो भाग गाळून टाकतात. तुम्हाला वाटतं मशीनने क ची गाठ खाल्ली. प्रिव्ह्यूत बघितलं असतं तर तिथेच दिसलं असतं. सुरुवातीला सारख्या जाडीचा, गोलसर फाँट घ्या. मुंबईच्या एक टाईपने केलेले बालू आणि मुक्त हे दोन्ही गूगल फाँट्सवर फुकट मिळतात, बालू तर राउटरसाठीच काढलाय असं वाटावं इतका जमतो. आतले कोपरे बिटच्या त्रिज्येएवढे गोल येणारच, टोकदार कोपरे हवे असतील तर व्ही बिटचं काम आहे.

व्ही बिटने कोरताना खोली तुम्ही ठरवत नाही, रेषेची रुंदी ठरवते. ९० अंशाच्या बिटला रुंदीच्या निम्मी खोली लागते, ६० अंशाला रुंदीच्या साधारण ०.८७ पट. म्हणजे शिरोरेषा ६ मिमी रुंद असेल तर ९० वाल्याला ३ मिमी आणि ६० वाल्याला ५.२ मिमी. चार मिमीच्या प्लायवर ६० अंशाचा बिट लावलात तर बेड कोरला जाणार. सॉफ्टवेअरमधे कोन टाकताना बिटवर लिहिलेला कोन पूर्ण आहे की एका बाजूचा ते बघा, इथे चूक झाली की खोली आणि रुंदी दोन्ही बिघडतात.

आरपार कापलेल्या अक्षरांची पाटी करत असाल तर ब, व च्या पोटातला भाग सुटून पडतो, ते सॉफ्टवेअरला माहीत नाही, तिथे डिझाइनमधेच छोटे पूल ठेवावे लागतात.

आणि एक, कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फोटोवरून नाव ट्रेस केलं असेल तर त्या वळणांत हजारो बारीक तुकडे असतात. मशीन वळणावर थरथरत, अडखळत चालतं कारण यूएसबीवरून ओळी तेवढ्या वेगात पोचत नाहीत. इंकस्केपमधे पाथ सिम्प्लिफाय एकदोनदा मारा, अक्षराचा आकार बिघडायच्या आत थांबा.

पायरी ७: जळकी कड, लोकरीसारखी कड, वितळलेलं अ‍ॅक्रिलिक

फीडचा हिशोब साधा आहे: आरपीएम गुणिले बिटच्या धारा गुणिले प्रत्येक धारेने काढायचा चिपलोड. १०००० आरपीएम, दोन धारा, ०.०३ मिमी, म्हणजे मिनिटाला ६०० मिमी. नवीन माणूस भीतीने फीड १०० वर आणतो आणि मग लाकूड जळतं, कारण बिट कापायच्या ऐवजी नुसता घासत बसतो. ३०१८ ची ताकद कमी आहे तर फीड कमी करण्यापेक्षा पासची खोली कमी करा, एमडीएफमधे ०.५ ते १ मिमी पासून सुरू करा, आवाज बघत वाढवा. सागवानात काढलेला भुसा बोटात दाणेदार लागला पाहिजे, गरम पीठ निघालं तर घासतंय. एमडीएफचं पीठच निघतं, तिथे हा नियम चालत नाही, तिथे बिटला हात लावून (स्पिंडल पूर्ण थांबल्यावर!) किती तापलाय ते बघा.

वरची कड लोकरीसारखी फाटत असेल तर डाउनकट (भुसा खाली दाबणारा) बिट लावा किंवा वर मास्किंग टेप चिकटवून कापा. अ‍ॅक्रिलिक वितळून बिटला चिकटत असेल तर एक धारेचा बिट आणि कास्ट अ‍ॅक्रिलिक घ्या, एक्स्ट्रुडेड लवकर वितळतं, दुकानात विचारून घ्या.

पायरी ८: काम अर्ध्यात थांबलं

सेंडर गोठला, यूएसबी तुटली, असं होत असेल तर आधी लॅपटॉपचं स्लीप आणि यूएसबी पॉवर सेव्हिंग बंद करा. छोटी, फेराइट गोटीवाली केबल घ्या, ती स्पिंडलच्या वायरपासून लांब न्या. व्हॅक्युम क्लीनर लावल्यावरच तुटत असेल तर पाईपमधली स्टॅटिक असते, पाईपला अर्थिंगची तार गुंडाळा, आणि आधी घरातल्या सॉकेटला अर्थिंग खरंच आहे का ते तपासा.

थांबलेलं काम परत सुरू करायचं असेल तर घाईने फाईल पहिल्यापासून चालवू नका. पोर्ट परत उघडला की बोर्ड रिसेट होतो आणि आपण कुठे आहोत ते विसरतो. होमिंग स्विच असतील तर $एच करा, जी५४ चा (कामाचा) झिरो बोर्डच्या मेमरीत राहतो, तो परत लागू पडतो. जी९२ ने लावलेला तात्पुरता झिरो मात्र गेला. स्विच नसतील तर झिरो हाताने शोधावा लागतो, आणि त्यासाठी प्रत्येक कामाच्या आधी एक छोटी सवय लावून घ्या: पाटीच्या बाहेरच्या वाया जाणाऱ्या भागात व्ही बिटने दोन बारीक टिंबं मारायची, एक बरोबर झिरोवर आणि दुसरं एक्समधे ठरलेल्या अंतरावर, समजा २०० मिमीवर. काम तुटलं की व्ही बिट लावून टोक पहिल्या टिंबात आणा, एक्स-वाय झिरो करा, मग एक्स २०० वर पाठवा आणि टोक दुसऱ्या टिंबात पडतंय का बघा. पडलं तर पाटी तिरकी झालेली नाही. नाही पडलं तर क्लॅम्प सैल झालाय, आधी ते सरळ करा. मग कामाचा बिट परत लावून झेडचा झिरो नव्याने घ्या, बिट काढून लावला की जुना झेड चालत नाही.

आता जीसेंडरमधे ठराविक ओळीपासून सुरू करायची सोय आहे, यूजीएसमधेही रन फ्रॉम हिअर आहे. थांबला तिथून थोडं मागचं, जिथे बिट वर उचललेला होता ती ओळ निवडा. हाताने फाईल कापत असाल तर वरच्या जी२१ (मिमी), जी९० (झिरोपासून अंतर), एम३ (स्पिंडल चालू) आणि एस (त्याचा वेग), शेवटचा एफ (फीड) या ओळी नव्या फाईलच्या डोक्यावर ठेवा, त्यानंतर आधी झेड वर, मग एक्स-वाय जागेवर, आणि मगच खाली. स्पिंडल फिरतोय ना हे बघून स्टार्ट दाबा, आणि पहिला मिनिटभर हात स्विचवर.